काचेच्या दिवशीची गोळी

सावधपणासाठी पूर्वसूरींनी 'अप्रमाद' असा शब्द योजिला आहे. न चुकणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे. आपल्या हातून दुसऱ्याच्या वस्तूला, दुसऱ्याच्या मनाला ओरखडा उमटू नये म्हणून अखंड जागे राहणे, हा त्याचा गाभा. हा गुण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण तो असतो तेव्हा काहीच बिघडत नाही. परंतु तोच गुण कधीकधी आपल्या धन्यावर उलटतो, हे आमच्या गल्लीत तसबिरी मढवणाऱ्या गृहस्थांच्या आयुष्याने दाखवून दिले.

सारे त्यांना फ्रेमवाले काका म्हणत. दुकान अरुंद. मागच्या भिंतीला टेकवून काचा उभ्या, त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रांचे थर, जमिनीवर लाकडाचा भुसा, हवेत सरसाचा वास. काका मेजावर जाड कांबळे अंथरीत, त्यावर काच ठेवीत आणि श्वास रोखून तिच्यावरून काच कापायचा हिरा ओढीत. त्या क्षणी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, याही पुडकी बांधायचे थांबवीत.

पन्नाशी उलटल्यावर काकांची डावी पोटरी सुजून दगडासारखी झाली. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त तपासले, काही महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा निदान झाले. हा दोष जन्मजात नव्हता, पुढे जडलेला होता. शत्रूशी लढण्यासाठी शरीर जी द्रव्ये निर्माण करते, तीच भ्रमिष्ट होऊन स्वतःच्या रक्तावर चालून गेली होती.

डॉक्टरीण बाई समजावून सांगत होत्या, "गंमत बघा काका, तपासणीच्या नळीत तुमचं रक्त उशिरा गोठतं. अंगात मात्र भलत्या जागी, भलत्या वेळी गोठतं."

"म्हणजे माझं रक्तसुद्धा काच बघून जपून वागतं म्हणा की!"

"पुरे तुमचे विनोद," काकू म्हणाल्या. "बाई काय सांगतात ते ऐका."

रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर. आणि ठरावीक काळाने रक्ताची तपासणी. फार पातळ झाले तर रक्तस्राव, पुरेसे झाले नाही तर गुठळी. त्या दोहोंमधल्या चिंचोळ्या वाटेने त्यांना चालायचे होते. जेवणानंतर काकू गोळी तळहातावर ठेवीत, काका ती तोंडात टाकीत.

एके दुपारी एक म्हातारी आली. तिच्या गेलेल्या मुलाचे एकच छायाचित्र तिच्याजवळ उरले होते. काकांनी काच कापली आणि ती बसवताना कडा बोटाला लागली. एरवी चिंधी गुंडाळली की भागत असे. त्या दिवशी रक्त थांबेना. एक थेंब छायाचित्रावर पडला, नेमका मुलाच्या कपाळावर. काकांनी कापसाने टिपला, पण डाग राहिला.

म्हातारी म्हणाली, "असू दे हो. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

या क्षमेने काकांची झोप उडाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरे, असे ते काकूंना पुनःपुन्हा सांगत. काकूंना वाटले, होईल मन शांत. काकांनी मनात काय ठरवले होते ते मात्र त्यांना कळले नाही. दुसऱ्या दिवशी काच कापायची असली की, बोट कापलेच तर रक्त लवकर थांबावे म्हणून, आदल्या संध्याकाळची गोळी ते जिभेखाली धरून ठेवीत आणि चूळ भरताना थुंकून टाकीत. सुरुवातीला असे दिवस विरळ होते. पुढे कामे वाढली, आणि बहुतेक दिवस काचेचेच होऊ लागले.

तपासणीचा दिवस जवळ आला की ते मेळ घालण्यासाठी गोळ्या नेमाने घेत. म्हणून अहवालातही काही उमटले नाही.

एका सकाळी काकांच्या हातून हिरा गळून पडला. ते उचलायला वाकले, तर हात हलेना. काकूंना हाक मारू गेले, तर शब्द वेडावाकडा निघाला. गुठळी मेंदूत पोहोचली होती.

रुग्णालयात डॉक्टरीण बाईंनी विचारले, "गोळी रोज घेत होतात ना?"

"माझ्या देखत घेतात!" काकू ठासून म्हणाल्या.

 बोबड्या उच्चाराने, तुकड्या तुकड्याने काकांनी सारे सांगितले. बाईंनी मान खाली घातली. त्यांना सांगणे भाग होते. "काका, या गोळीचा अंमल कितीतरी दिवस टिकतो. आज चुकवली म्हणून उद्या रक्त लवकर थांबत नाही. सुरुवातीला बोट कापलं असतं तर ते तसंच वाहिलं असतं. पुढे रोजच चुकू लागली, आणि नुसती गुठळीला वाट मिळाली."

काकूंना राग आवरेना. "एवढा संसार केलात, माझ्यासाठी एक गोळी गिळवली नाही तुम्हाला?"

"चुकलं," काका म्हणाले. तो शब्द मात्र स्पष्ट निघाला.

गोळीचा परिणाम पुरता होईपर्यंत पोटात रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या सुया टोचायच्या होत्या. घरी आल्यावर ते काम काकूंकडे आले. सुई टोचण्याआधी त्या दोनदा मागे सरत.

"अगं, एवढी काचेत वावरलीस, आणि माझ्या पोटाला भितेस?"

गोळी दिल्यावर काकू फर्मावीत, "आ करा. जीभ वर. आता डावीकडे." आणि काका आज्ञाधारक मुलासारखे तोंड उघडीत.

उजवा हात परतला नाही. काका दुकानात खुर्चीवर बसत आणि काकू काच कापीत. "हिरा एकदाच फिरव. त्याच रेघेवर पुन्हा गेलीस तर काच रुसते." काकूंनी कितीतरी काचा वाया घालवल्या. काका एकदाही रागावले नाहीत. एखादी काच सरळ तुटली की डाव्या हाताने मांडीवर थाप मारीत.

काही वर्षे अशी गेली. मग एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या त्यांना धाप लागली, आणि रुग्णालयात पोहोचून तपासणीला रक्त घेतात तोच सारे संपले. गुठळी या वेळी फुप्फुसात गेली होती.

काकू डॉक्टरीण बाईंसमोर कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या. त्यांना एकच विचारायचे होते. "खरं सांगा, त्यांनी परत गोळी चुकवली होती का हो? मी रोज तोंड बघत होते. माझ्याकडून काही राहिलं का?"

बाईंनी त्या दिवशीच्या रक्ताचा अहवाल पाहिला. "नाही काकू. रक्त हवं तेवढंच पातळ होतं. तुम्ही चुकला नाहीत, तेही चुकले नाहीत. हा आजार कधीकधी औषधालाही जुमानत नाही."

काकू मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या.

दुकान चालू आहे. काच काकू कापतात.