पलीकडच्या रंगाचा गणवेश

आमच्या आणि मास्तरांच्या घरात एकच भिंत, तीही एका विटेची. त्यामुळे ते भांडण मी ऐकलं म्हणण्यापेक्षा आमच्याच घरात झालं म्हणा. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी संबंध काय तो गणवेशापुरता. गल्लीच्या टोकाला नाका, नाक्यापलीकडे दुसरा देश, आणि तिकडे मास्तरांची बहीण दिलेली. तिचे यजमान जेवायला आले होते. तेवढ्यात रेडिओवर सांगितलं की त्यांच्याकडे शंभरातली सत्तर मुलं हायस्कूलला जातात, आपल्याकडे चाळीस.

"ऐकलंत का मेव्हणे? सत्तर!"

"नावं घातलेली असतील, दाजी. बाकावर किती बसतात ते विचारा."

"आमच्यात निदान नावं तरी घालतात. तुमच्यातली एक तर ही समोरच बसलीय, काजं करत."

मास्तरांची मुलगी सातवी पास होऊन घरी बसली होती. अलीकडचं हायस्कूल बसने दोन तासांवर, आणि बस स्वतःच्या मर्जीची. पलीकडचं हायस्कूल आत्याच्या परसाला लागून. कुणालाही कळावं असं होतं. पण मुलगी त्यांच्या शाळेत घातली की दाजींना जन्मभर बोलायला मिळणार, हे मास्तरांच्या पचनी पडत नव्हतं. त्यातून प्रवेश त्याच आठवड्यात बंद होणार होते.

"भाजी गार होतेय, दाजी," एवढंच मास्तर म्हणाले.

दाजी गेल्यावर मास्तरांच्या बायकोने तोंड उघडलं. "तुमचं नाक वर राहावं म्हणून पोरीने जन्मभर मान खाली घालून काजं करायची का?"

 भिंतीपलीकडून कापडाच्या ताग्यावर कात्री चालल्याचा आवाज आला.

"बाबा, हा तर त्यांच्या शाळेचा रंग!" मुलगी म्हणाली.

"रंगाचं काय, दोनदा धुतला की उडतो. सरळ उभी राहा, माप घेऊ दे."

घेराला त्यांनी शिवणीत जादा कापडाची एवढी माया सोडली की पोर दहावीपर्यंत त्यातच मावली असती. मग स्वतः जाऊन तिचं नाव घालून आले. तिकडे दाजी आपल्या दारातच वाट पाहत होते.

"या मेव्हणे! आमच्यात एक वाढली म्हणायची!"

"वाढू द्या की. आमच्यातली कमी नाही झाली. ती आमच्या चाळिसांत होती कुठे?"

दाजींना ठसका लागला, असं आत्याने मला नंतर हसत हसत सांगितलं.

मुलगी हायस्कूल संपवून तिकडेच दवाखान्यात नोकरीला लागली. तोवर गल्लीतल्या आणखी मुली आत्याकडे राहून शिकायला लागल्या होत्या. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी मास्तर त्यांचे गणवेश घेऊन नाका ओलांडायचे. हायस्कूल आमच्याकडे अजूनही तिथेच आहे, बसही तशीच आहे. रेडिओ लागला की मास्तर आणि दाजींची तीच जुनी कुस्ती व्हायची.

मास्तर गेले त्या वर्षीही त्यांची फेरी चुकली नाही. दम लागत होता, म्हणून वाटेत आमच्या ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि निघाले. नाक्यावरच्या शिपायाने गाठोडं सोडायला लावलं.

"काका, यंदा कुणाचा?"

"बेकरीवाल्याच्या धाकटीचा."

"केवढा मोठा शिवलाय!"

"वाढेल ती," म्हणाले, आणि गाठ मारून पलीकडे गेले.