ग्रुपवर टाकू नका

अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आम्हा लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. टोनर कोणाकडे आहे, प्रिंटर कोण दुरुस्त करतो, वाढदिवसाचे केक, सगळं तिथे चालतं. कोणाच्या सिस्टिमवर हल्ला झाला, हे मात्र कधीच येत नाही. तेवढं लिहिलं की खानदानाची इज्जत जाते जणू.

त्या सोमवारी सकाळी आमच्या अमरावतीच्या दवाखान्यात एकही फाइल उघडेना. सगळ्यांना कुलूप आणि स्क्रीनवर पैशांची मागणी. दुपारपर्यंत मी वाट शोधून काढली. बिलाचं सॉफ्टवेअर देणाऱ्याने, आपल्या जागेवरून दुरुस्ती करता यावी म्हणून, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून ठेवला होता आणि त्याचा पासवर्ड सगळ्या दवाखान्यांत एकच. चोर तिथूनच आत आला होता. आमच्याकडे वेगळा ठेवलेला बॅकअप होता, म्हणून चार दिवसांत सावरलो.

मी ग्रुपवर लिहायला घेतलं, तर आमच्या दवाखान्याचे सचिव म्हणाले, "काहून बोभाटा करता? पेशंट पळतीन. घरचं घरात ठेवा." आणि मी, एवढी फटकळ बाई, मुकाट्याने फोन पर्समध्ये टाकला. आजही मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

अकराव्या दिवशी अकोल्याहून भाऊंचा फोन आला. भाऊ तिथल्या एका दवाखान्याचे कॉम्प्युटर बघायचे. वायरीला टोक कसं बसवायचं, इथपासून मला त्यांनीच शिकवलेलं. "साऱ्या फायली बंद पडल्या वं. तुह्या पाहण्यात असं कधी आलं का?" मी विचारलं, बिलवाल्याचा तो प्रोग्राम तुमच्याकडे आहे का. होता. मग सांगावंच लागलं, की आमच्याकडे अकरा दिवसांपूर्वी हेच झालं.

"मले दोन मिन्टं लागले असते तो प्रोग्राम काढाले," भाऊ एवढंच म्हणाले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचा बॅकअप त्याच मशीनवर होता, तोही गेला. बाळापूरहून डायलिसिसला येणारी माणसं जुने कागद पिशवीत घेऊन रांगेत उभी राहिली. तिथल्या चौकशी समितीने ठरवूनच टाकलं, की भाऊ निष्काळजी आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला काढायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी सचिवांना म्हटलं, आपल्याकडेही झालं एवढ्या दोन ओळी लिहून द्या. ते म्हणाले, "आपल्याले काय करायचं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या केबिनच्या दारात उभं राहून मी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, आमच्या दवाखान्याचं आणि बिलवाल्याचं नाव घालून.

ग्रुप गप्प. एक अंगठासुद्धा नाही. पण तासाभरात मला एकटीला चार निरोप आले. "आमच्याकडेही झालं होतं." "मॅडम, सेम." त्यातला एक तर अकोल्याचाच, भाऊंच्या दवाखान्यापासून दोन चौक पलीकडचा, आणि त्याच्याकडे आमच्या महिनाभर आधी झालेलं. चौघांच्याही शेवटी तीच ओळ, ग्रुपवर टाकू नका. त्या अकोल्यावाल्याने तोंड उघडलं असतं तर मी वाचले असते आणि भाऊही. नालायक सगळे, आणि त्यांत मीही आलेच.

ते चारही निरोप मी भाऊंना पाठवले आणि म्हटलं, समितीपुढे ठेवा. आणखी पाच दवाखान्यांत झालं तर एकट्या तुमची चूक कशी, ते त्यांना सांगू द्या.

त्यांनी फक्त माझा, ग्रुपवरचा निरोप ठेवला. एका बाईच्या व्हॉट्सॲपवर काय भरवसा, म्हणे समिती. भाऊंची नोकरी गेली. त्या दिवशी मी त्यांच्याशी फोनवर अक्षरशः भांडले. बाकीचे चार काहून नाही दाखवले?

"त्याइच्याबी नोकऱ्या हायेत ना वं," भाऊ म्हणाले.