ताईंच्या दुकानाची पाटी

पेंटरांना अक्षर एकच यायचं. जाडजूड, गोलमटोल, कुठेही कोपरा न बोचणारं आणि सुटलेल्या बसमागे धावणाऱ्या माणसासारखं पुढे झुकलेलं. तरुणपणी आइस्क्रीमच्या गाड्या रंगवताना ते हाताला लागलं आणि मग सुटलंच नाही. दाताचा दवाखाना असो की वकिलाची कचेरी, पाटी आपली खुशीत. सरकारी दवाखान्यात 'शवागार' या पाटीपुढे रडत आलेली माणसं थबकतात आणि पुन्हा नीट वाचून घेतात. "गिऱ्हाईकाला प्रसन्न वाटलं पाहिजे," हे पेंटरांचं तत्त्व. शवागाराचं गिऱ्हाईक नेमकं कोण, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

हे अक्षर नडलं ते घरातच. बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, चष्म्याचं दुकान काढलं. दारावरची पाटी पेंटरांनी हौसेने करून दिली. ताईंनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. पण उजवीकडच्या गाळ्यात दुसरा चष्मेवाला आला, गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं आणि ताई तरातरा पेंटरांच्या घरी आल्या.

"तुमच्या पाटीने घात केला!"

"पाटीने काय केलं, ताई? चांगली लांबून दिसते."

"दिसते ना! अहो जावईबापू, चष्मा घ्यायला येणाऱ्याला मजकूर कुठे वाचता येतो? त्याला नुसता कल दिसतो. आणि तुमची ती ढोली अक्षरं सगळी त्या मेल्याच्या दाराकडे पळतायत! सरळ लिहून द्या, नाहीतर तुमचं-आमचं संपलं."

चहा न घेता त्या गेल्या. बहिणींचा रोजचा फोन बंद पडला. त्या फोनवर बायको भाजी निवडायची, घड्या घालायची, शेजारणींचे निकाल लावायची. आता ते सगळं बोलणं पेंटरांच्या वाट्याला आलं. त्यांना हसायची जागा कळेना. "ताई असती तर इथे हसली असती," असं म्हणून ती तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

शेवटी त्यांनी फळी मांडली आणि सरळ अक्षर काढलं. ते पोट आत ओढून फोटोला उभ्या राहिलेल्या मामासारखं दिसलं. दुसरं काढलं; ते मात्रेपर्यंत पोचता पोचता झुकलंच.

"ह्याला श्वास तरी सोडू द्या," बायको खिडकीतून म्हणाली.

"मग काय करू? हात ऐकत नाही माझं."

"हाताला कशाला बोलताय? पाटी दारावरून काढा आणि दाराच्या डाव्या भिंतीवर लावा. पळू देत मग. ताईच्याच दारात जाऊन पडतील."

पेंटरांनी पाटी हलवली. ही युक्ती आपल्याला पहाटे सुचली, असं ताईंना सांगितलं. बायकोने ते ऐकून घेतलं. गिऱ्हाईक पाटीमुळे परतलं की त्या चष्मेवाल्याच्या तुसडेपणामुळे, कोण जाणे, पण फोन सुरू झाला आणि स्वयंपाकघरात पुन्हा दूध उतू जाऊ लागलं.

मग एके सकाळी ताईंच्या दुकानाच्या डावीकडचा औषधवाला दारात उभा. "पेंटर, तुमच्या अक्षरांनी माझ्या दुकानाकडे पाठ केलीय. बरं दिसतं का हे?"

पेंटर घाबरून आत आले. बायकोने फोनवर हात ठेवला.

"अहो, त्यांनाही एक पाटी करून द्या की," ती हळूच म्हणाली. "तीही ताईकडेच पळेल."

पेंटरांनी रंगाचा डबा उघडला.