दांडी साहेबांच्याच खोलीत

आदरणीय मधुकर भालेराव सरांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, मी मोजल्या तशा: सागवानी खोक्यात बसवलेल्या लाल मुठीच्या दांड्या तेवीस, कोणत्या विभागाचे संगणक जोडलेले आहेत हे दाखवणारे दिव्यांचे फलक नऊ, आणि खोट्या सायबर हल्ल्याचा सराव घेण्याचा संच एक, जो ते आजही कापडी पिशवीत घालून हडपसरहून बसने नेतात. दांडी खाली ओढली की कार्यालयाचे सगळे जाळे तुटते, बाहेरचे आणि आतलेही. टेलिफोन खात्यातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्यावर सर कारखानदारांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना सायबर सुरक्षा शिकवू लागले. त्यांची अट एकच. दांडी साहेबांच्या खोलीत बसेल आणि ती साहेबच ओढतील.

सरांशी माझी ओळख झाली ती या अटीवरूनच. मार्केट यार्डातल्या एका कोल्ड स्टोरेजचे संगणक मी सांभाळत असे. पदवी नाही, खोलून, जोडून, चुकून शिकलो, आणि ते अभिमानाने सांगतो. सर सरावाला आले तेव्हा आमचे शेठ म्हणाले, "ते आमचे शिंदे बघतील की."

"शिंदे आज रजेवर आहेत," सर शांतपणे म्हणाले. शिंदे म्हणजे मी, आणि मी समोरच उभा होतो.

शेठनी दांडी ओढली. फलकावरचे सगळे दिवे विझले, फक्त शेठच्या संगणकाचा तेवढा जळत राहिला. नंतर चहा घेताना सरांनी मला बाजूला नेले.

"दांडीला वळसा घालून नेलेली ती वेगळी तार तुमची ना?"

"हो सर. शेठचं काम थांबायला नको म्हणून."

"अहो, चोरालाही शेठचाच संगणक हवा असतो. तार बसवलीत मात्र सुरेख. आता तितक्याच सुरेख काढा."

त्याच दिवशी काढली. शेठना माझी चूक सरांनी कधीही सांगितली नाही. आज मीच लिहितो आहे.

त्यानंतर चौथ्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी अकरा चाळीसला, मी खडकवासल्याला असताना शेठचा फोन आला. त्यांनी ईमेलवर आलेले एक बिल उघडले होते आणि पाठोपाठ फायली उघडेनाशा झाल्या होत्या. कोल्ड स्टोरेजमध्ये डाळिंब खच्चून भरलेले.

"शिंदे, ओढू का रे?"

तोंडावर आलेले 'ओढा' मी गिळले. "शेठ, ते तुम्हीच ठरवायचं."

मग फोनवर खट्ट असा आवाज आला. तसा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही! चार संगणक गेले, सदतीस वाचले. माणसांनी सरावात शिकल्याप्रमाणे थंडाव्याची यंत्रे हाताने चालवली. एक पेटीसुद्धा खराब झाली नाही. हल्ला शिरला होता तो शेठच्याच संगणकातून. माझी तार तिथे असती तर दांडी ओढूनही तो पसरतच राहिला असता.

पंचाहत्तरीत सरांनी पुढचे काम हाती घेतले आहे. परवा त्यांनी मला फोनवर शेठचा आवाज ऐकवला: "शिंदे, दांडी वर कर." मी उठलोसुद्धा! आवाज सरांनी यंत्राकडून बनवून घेतला होता.

"फसलात!" सर लहान मुलासारखे हसले. "आता प्रत्येक साहेबाला त्याचाच आवाज ऐकवायचा. खरी मजा आत्ता सुरू होतेय हो!"

येत्या काळात मंत्रालयापासून गाळ्यापर्यंत प्रत्येक प्रमुखाला ही परीक्षा द्यावी लागणार, आणि ती घ्यायला सर हवेत. त्यांचे हात असेच स्थिर, नजर अशीच तिखट राहो; शंभरीलाही त्यांनी पिशवी घेऊन बस पकडावी.

एक नोंद राहिली, कारण सर ती स्वतः करणार नाहीत. गेल्या वर्षी एका कंपनीने दांडीचा आराखडा विकत मागितला. दांडी कंपनीच्या कार्यालयात राहील आणि ओढायची तेव्हा कंपनीची माणसे ओढतील, साहेबांना त्रास नको, असा प्रस्ताव होता.

"मग साहेब काय करणार?" एवढेच विचारून सरांनी कागद परत केला. त्यावरची रक्कम मी वाचली होती: चाळीस लाख रुपये.