फाटकाबाहेरच्या चपला

विड्याची पानं घ्यायला मी बोईसरजवळच्या एका म्हाताऱ्याच्या पानवाडीत जायचो. वाडीच्या एका अंगाला कारखान्याची भिंत होती, दुसऱ्या अंगाला टॉवर उठत होते. म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फाटकातच तो बजावायचा, "चपला बाहेर. वेलींत अनवाणीच यायचं."

आतली माती गार, ओली असायची. एकेका पानावरची काजळी तो ओल्या फडक्याने पुसायचा, लेकराचं तोंड पुसावं तशी.

"वाडी विकत मागायला कोणी येत नाही?" मी एकदा विचारलं.

"येतात ना! आमी म्हणतो, बूट काढा, आत या, मंग बोलू. अजून कोणी बूट काढला नाय."

आता मी त्यातल्याच एका टॉवरमध्ये राहतो. गॅलरीतून खाली हिरव्या वेली दिसल्या, की पायातल्या सपाता मी नकळत काढून ठेवतो.