दिवे सावकाश लावा

अख्ख्या बंगळुरातल्या दिव्यांचा भार आपल्या एकट्याच्या मनगटावर आहे असं मानणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आमच्या या आतोबांनी कावेरीकडच्या एका छोट्या वीजघरात तीस वर्षं काढली. उंचावरचं पाणी नळातून खाली यायचं, चाकावर आदळायचं, चाक फिरलं की वीज व्हायची. लोकांनी दिवे लावले की चाक जड होई. मग हातानं चक्री फिरवून झडप थोडी उघडायची आणि पाणी वाढवायचं, हे आतोबांचं काम. निवृत्त होऊन मल्लेश्वरममध्ये राहायला आले तरी ते सुटलं नाही. दिवेलागणीला ओसरीवर बसून ते उजवा हात हवेत सावकाश फिरवत राहत. नव्या शेजाऱ्यांना वाटे, म्हातारा कुणाला तरी ओवाळतोय.

घरात दोन दिवे एकदम लावायची सोय नव्हती. "एक लाव, दहा आकडे मोज, मग दुसरा. तिकडे माणूस बसलाय," असं ते बजावत. एकदा मी न विचारता इस्त्री लावली, तर दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तिकडच्या माणसाच्या वतीनं मला माफ केलं.

त्यांच्या एकुलत्या मुलीचं, शालूचं, लग्न ठरलं तेही गोरज मुहूर्तावर, म्हणजे ऐन दिवेलागणीला. मांडवातल्या बारा माळा दिवेवाल्यानं एकाच खटक्यावर जोडलेल्या. आतोबा खटक्यापुढे उभे राहिले ते हलेनात.

"अण्णा, स्वल्प बाजूला व्हा," दिवेवाला विनवू लागला.

"सगळ्या एकदम नाही."

व्याही आधीच तापट. "मुहूर्त टळला तर आम्ही मुलाला घेऊन निघालो," ते म्हणाले. आत्यानं डोक्याला हात लावला.

तेवढ्यात गौरीहरापुढून शालूच मुंडावळ्यांसकट उठून आली. तिनं माळा सुट्या करायला लावल्या आणि वडिलांना म्हणाली, "अप्पा, तुम्ही झडप उघडा, मी माळ लावते." एकेक माळ लागत गेली, आतोबांचा हात फिरत गेला. मुहूर्ताला जेमतेम दोन मिनिटं उरली होती.

लग्न वेळेवर लागलं. कन्यादानाच्या वेळी भटजी म्हणाले, "हं, पाणी सोडा." आतोबांच्या हातात पळी होती. भटजींनी पुन्हा सांगितलं. तीस वर्षं पाणी सोडत आलेल्या माणसाला तेवढं पळीभर पाणी सुटेना. शेवटी आत्यानं त्यांच्या मनगटाखाली हात धरला आणि हळूच म्हणाली, "होऊ दे सावकाश." मांडवात कुणी हसलं नाही. मीही नाही.