रिकाम्या पोर्टातून मंगलाष्टक

आमच्या घरची एक रीत आहे. मुलाच्या लग्नातलं शेवटचं मंगलाष्टक त्याच्या बहिणीनं रचायचं आणि तिनंच म्हणायचं. ते झाल्याशिवाय अंतरपाट खाली येत नाही. माझ्या धाकट्या भावाचं लग्न वसंत पंचमीला कोल्हापुरात ठरलं, आणि मी कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या फ्लॅटमध्ये, आठवा महिना घेऊन बसलेली. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाचं नावही काढू दिलं नाही. आई म्हणाली, "आवाज रेकॉर्ड करून पाठव की." मी चिडलेच. रेकॉर्डच वाजवायचं तर बहीण हवी कशाला? भाऊ मात्र शांतपणे म्हणाला, "ताई, तू म्हणेपर्यंत मी अंतरपाट सोडू देणार नाही. मुहूर्त टळला तर भटजींना तोंड तू द्यायचंस."

म्हणजे सगळी भिस्त आमच्या घरच्या इंटरनेटवर आली, आणि त्याचा स्वभाव जावयासारखा, कधी रुसेल ते सांगता यायचं नाही. मोबाइलची रेंज तर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहून मान वाकडी केली तरच मिळायची. पण मी सेक्टर फाइव्हमधल्या एका ऑफिसात नेटवर्कचंच काम करते. रजेवर बसून हात शिवशिवत होते. मी दुसऱ्या कंपनीचंही कनेक्शन घेतलं. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं, त्यात चार पोर्टांचं, म्हणजे तारा खुपसायच्या चार खाचांचं, कार्ड बसवलं आणि त्याचा राउटर केला. एक पोर्ट घरासाठी, दोन पोर्टांत दोन कनेक्शनं. चौथं रिकामं राहिलं. ते बघवेना, म्हणून त्यात कधी तिसरं कनेक्शन लावलंच तर ते आपसूक चालावं, अशी जुळवाजुळवही राउटरमध्ये हौसेनं लिहून ठेवली.

टेबलाखाली वाकणं मला शक्य नव्हतं, त्यामुळे खाली नवरा आणि वर माझी जीभ, असं काम चाललं. नवरा सरकारी बँकेत आहे, त्याला सगळं समजावून घेऊनच करायचं असतं. "दोन तारा जोडल्या की वेग दुप्पट?" त्यानं टेबलाखालून विचारलं.

"वेग नकोय मला. माझ्या आवाजाचा प्रत्येक तुकडा दोन्ही तारांनी जाणार. मुंबईत एक सर्व्हर भाड्यानं घेतलाय, तो दोन्हीतला आधी पोचलेला तुकडा उचलून पुढे कोल्हापूरला देणार. एक तार मेली तरी दुसरी आहेच."

"दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात," तो म्हणाला.

"इंटरनेटच्या बाबतीत ठेवावाच," मी म्हटलं.

मग मी चाचण्या सुरू केल्या. आईशी बोलता बोलता एक तार उपटायची, ती परत लावून दुसरी उपटायची. आईला पत्ताही लागायचा नाही, ती आपली रुखवताबद्दल बोलतच असायची. मला इतका आनंद व्हायचा की मी दिवसभर तारा उपटत राहायचे. नवरा म्हणाला, "लग्न भावाचं आणि गुडघ्याला बाशिंग बहिणीच्या." म्हणू देत.

लग्नाचा दिवस म्हणजे इथे सरस्वती पूजा. सकाळपासून ब्लॉकमध्ये पिवळ्या साड्यांची धावपळ, कोपऱ्यावर मांडव. मीही पिवळी साडी नेसले, नथ घातली, लॅपटॉपसमोर अक्षतांची वाटी ठेवली. पडद्यावर कोल्हापूरचं कार्यालय दिसत होतं. मुंडावळ्या बांधलेला भाऊ दिसला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं, आणि चित्र थिजलं.

राउटरकडे पाहिलं तर दोन्ही पोर्टांचे दिवे विझलेले. नवरा गॅलरीत धावला आणि तिथूनच म्हणाला, "अगं, दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्यात." मांडवाचे उरलेले बांबू घेऊन एक सायकल-व्हॅन कोपऱ्यावर वळली होती, आणि त्या बांबूंनी दोन्ही कंपन्यांना एका फटक्यात खाली आणलं होतं. दोन डगरी कसल्या, एकच डगर होती. इतक्या चाचण्या घेतल्या, पण खिडकीतून बाहेर डोकावून बघायचं काही मला सुचलं नव्हतं.

मला रडू येणार होतं, तेवढ्यात गॅलरीसमोर एक थैली लोंबकळताना दिसली. वरच्या मजल्यावरच्या काकीमा भाजी, मासळी, फुलं, सगळं त्या दोरीच्या थैलीतून वर ओढून घेतात. आणि त्यांचं इंटरनेट तिसऱ्याच कंपनीचं, मागच्या गल्लीतून आलेलं. मी उरलेल्या तारेचं भेंडोळं थैलीत कोंबलं, एक टोक हातात ठेवलं आणि वर हाक मारली, "काकीमा, भाई की शादी है, यह तार अपने राउटर में लगा दीजिए." थैली झरझर वर गेली.

तारेचं टोक नवऱ्यानं रिकाम्या पोर्टात खुपसलं. दिवा लागला. आणि पडद्यावरचं कोल्हापूर हललं. भटजी घाम पुसत घड्याळाकडे बघत होते. अंतरपाट धरणारे दोघे हात अवघडून उभे होते, आणि भाऊ कुणालातरी म्हणत होता, "धरा जरा, ताई येतेय."

मी म्हणायला लागले. माझे शब्द, आजीची चाल. दुसऱ्या ओळीला काकीमा आपल्या दोघी पाहुण्यांना घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. तिसऱ्या ओळीला त्यांना राहवेना आणि तिघींनी मिळून उलू दिला, बंगाली बायका शुभकार्यात जीभ हलवून काढतात तो लांबलचक आवाज. कोल्हापुरातली सगळी मंडळी माना वर करून स्पीकरकडे बघायला लागली. मला हसू फुटलं, रडू फुटलं, पण चाल काही सोडली नाही. "शुभमंगल सावधान" म्हटलं आणि मूठभर अक्षता लॅपटॉपवरच टाकल्या.

तिकडे अंतरपाट उतरला. वाजंत्री सुरू झाली, नवरी हार घेऊन उभी, आणि माझा भाऊ डोळे पुसत कॅमेऱ्याकडे बघतोय.

"ताई, ऐकू आलं," तो म्हणाला. "सगळं ऐकू आलं."

"बरं," मी म्हटलं. "आता तिच्याकडे बघ."